कुठली इंग्रजी? : एमआयडीसीतला एक वाद

इंग्रजी यावी की नाही, यावर जालन्याच्या एमआयडीसीत आता कुणी भांडत नाही. मराठी शाळांत 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आली, तेव्हा तो विषय निकालात निघाला. भांडण आहे ते कुठली इंग्रजी, यावर. ते मी एकाच घरातल्या दोन माणसांत ऐकलं. दोघंही हटणारी नाहीत, म्हणून जमेल तसं त्यांच्याच शब्दांत मांडतो.

मामा लोखंडी सळईच्या कारखान्यात मेंटेनन्स फोरमन. फिटर म्हणून चिकटले, आता निवृत्तीला टेकलेत. त्यांची भाची दुसऱ्या एका कारखान्यात, खरेदी विभागात. भट्टीत वितळवायला परदेशातून कंटेनरनं जे भंगार येतं, त्याचा पत्रव्यवहार आणि फोन तिच्याकडे. मी इंग्रजीचा निवृत्त मास्तर. दोघंही मला ‘सर’ म्हणतात आणि दोघंही माझं ऐकत नाहीत.

भाचीनं दर शनिवारी संध्याकाळी एक वर्ग घ्यायचं ठरवलं. ऑपरेटर, सुपरवायझर, ऑफिसातली पोरं, जो येईल तो. विषय : रोजच्या इंग्रजीतले वाक्प्रचार, बोलीतले शब्द आणि फ्रेजल व्हर्ब. पाचशे वाक्प्रचारांचं एक जाडजूड पुस्तकही तिनं आणून ठेवलं. मामांनी ते चाळलं आणि तिथंच सुरुवात झाली.

मामा : हे कामून आणलं? पोरांना साधं एक वाक्य धड लिहिता येत नाही आणि तू त्यांना म्हणी शिकवू राहिली?

भाची : म्हणी नाहीत मामा. गेट, टेक, पुट, ब्रेक असं साधं क्रियापद असतं. त्याला अप, डाउन, आउट, ऑफ असं काही जोडलं की अर्थ पार फिरतो. गिव्ह म्हणजे देणे. गिव्ह अप म्हणजे नाद सोडणे.

मामा : म्हणजे काही दिलं पण नाही आन् वर पण काही गेलं नाही. ही भाषा आहे का लबाडी?

मामांची तक्रार जुनी आहे. सॅम्युअल जॉन्सननं 1755 मध्ये इंग्रजीचा आपला मोठा कोश काढला, त्याच्या प्रस्तावनेत त्यानं हेच कबूल केलंय. क्रियापदाला पुढं एक तुकडा लावून अर्थ फिरवायची इंग्रजीची ही खोड परक्या माणसाला सगळ्यात जास्त छळते, असं त्याचं म्हणणं. ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव फार उशिरा, 1925 मध्ये लोगन पिअरसॉल स्मिथच्या पुस्तकातून रूढ झालं. छळ मात्र आधीपासून चालूच होता.

भाची : लबाडी म्हणता, तर आपलं ‘लागणे’ घ्या. भूक लागते, आग लागते, ठेच लागते, निकाल लागतो, नोकरी लागते, वाट लागते. माणूस कामाला लागतो, नादाला लागतो आणि पाठीमागंही लागतो. यात एक तरी अर्थ दुसऱ्यासारखा आहे का? तुमच्या शेडमधल्या बिहारच्या पोरांना विचारा, त्यांचे काय हाल होतात.

हाल होतातच. मामांनीच पूर्वी सांगितलेली गोष्ट आहे. नवा आलेला एक क्रेन ऑपरेटर वर केबिनमध्ये बसलेला. खालून कुणीतरी ओरडलं, “अरे, त्याच्या हाताला लागलं!” हिंदीत ‘हाथ लगा’ म्हणजे सापडलं, मिळालं. ऑपरेटरनं वरूनच मोठ्या उत्साहानं विचारलं, “क्या लगा हाथ?” खाली माणूस बोट धरून बसलेला. तो ऑपरेटर आता इतकी फर्मास मराठी बोलतो की ‘लागणे’ कुठं कसं वापरायचं हे त्याला सांगावं लागत नाही.

मामा : बरोबर बोलली. पण त्यानं क्लास लावला होता का? तो जालन्यात राहिला, आमच्यात जेवला, शिव्या खाल्ल्या, शिकला. माझे वडील निजामाच्या शाळेत उर्दूत शिकले. त्यांचे ते मुहावरे आमच्या घरात अजून चालतात, कुणी पुस्तकातून पाठ केले नाहीत. भाषा जिथं राहता तिथली येते. माझी पोरं लंडनला नाही राहत. ती राहतात नागेवाडीला.

भाची : पण लंडन फोनवर येतं ना नागेवाडीला!

इथं तिनं मोबाइल काढला. भंगार पाठवणाऱ्या व्यापाऱ्याचा निरोप होता : शिपमेंट इज हेल्ड अप, वी आर सॉर्टिंग इट आउट, विल गेट बॅक टू यू. तीन तुकडे आणि तिन्हींत फ्रेजल व्हर्ब. माल वाटेत अडकलाय, आम्ही मार्ग काढतोय, मग कळवतो, एवढंच सांगायचं होतं. ती त्या दिवशी रजेवर होती. जागेवरच्या नव्या पोरानं ‘होल्ड अप’ मोबाइलवर शोधलं. डोळ्यांपुढं आलेला पहिला अर्थ होता, पिस्तूल दाखवून लुटणे. तो थेट मालकांच्या केबिनमध्ये. “साहेब, आपला कंटेनर लुटला!”

मामा : त्या व्यापाऱ्याला सरळ ‘डिलेड’ लिहायला काय झालं होतं?

भाची : त्याला कोण सांगणार? माल त्याचा.

मामा : पैसा आपला ना! गिऱ्हाइकानं भाषा शिकायची आन् दुकानदारानं नाही, हे कुठलं शहाणपण? मशीन विकायला आलेला इंजिनिअर काय म्हणतो, ते मला समजत नसंल तर तो त्याचा दोष. मी त्याला दोनदा सांगतो, ‘सिंपल इंग्लिश, प्लीज’. तिसऱ्यांदा तो नीट बोलतो.

ही मात्र अनुभवी माणसाची युक्ती आहे. आपल्या पोरांना न समजल्याची इतकी लाज वाटते की ती मान डोलावून मोकळी होतात. मामा कधी मान डोलावत नाहीत.

भाची : तुम्ही फोरमन आहात, तुम्हाला चालतं. पंचविशीतल्या पोराला नाही चालत. परवा मशीन बसवायला परदेशी इंजिनिअर आले होते. आमच्या एका डिप्लोमाच्या पोरानं ओळख करून दिली, ‘आय पास्ड आउट इन 2019’. पाहुणे चमकले.

मामा : कामून? मी पण हेच म्हणलो असतो.

भाची : आपण सगळेच म्हणतो. त्यांच्याकडं पास आउट होणं म्हणजे चक्कर येऊन पडणं. सैन्यातल्या कॅडेटांचं संचलन सोडलं तर शिक्षण संपवण्याशी त्याचा काही संबंध नाही. त्यांना वाटलं, 2019 मध्ये पोरगं बेशुद्ध पडलं होतं आणि ते मोठ्या अभिमानानं सांगतंय!

मामा पोट धरून हसले, पण मुद्दा सोडला नाही. ‘पास आउट’ भारतात लाखो माणसं म्हणतात, तेव्हा ते आता इथलं झालं. पाहुण्यानं ते शिकावं. माझ्या मते दोघांचंही खरं आहे. ‘प्रीपोन’ हा शब्द आपल्याकडचा, बैठक आधी घ्यायची असेल तर आपण वापरतो. आज तो ऑक्सफर्डच्या कोशात आहे. आणि देवाणघेवाण एका बाजूनं कधीच नव्हती. 1803 च्या 23 सप्टेंबरला आपल्याच जिल्ह्यात, असईला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली शिंद्यांशी लढला. पुढं जालन्याला इंग्रजी लष्कराची छावणी राहिली. अशा छावण्यांतले गोरे शिपाई ‘देखो’ वरून ‘डेको’, ‘चिठ्ठी’ वरून ‘चिट’ घेऊन मायदेशी गेले आणि तिथं ते शब्द रुळले. त्या शिपायांनीही शनिवारचा वर्ग लावला नव्हता, हा मामांचा शेरा मी इथं नोंदवतो.

पण सगळेच गोरे असं ऐकून ऐकून शिकले नाहीत. मोल्सवर्थचं नाव भाचीनं काढलं, तेव्हा मला बरं वाटलं. या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं पंडितांना हाताशी धरून मराठीचे शब्द, म्हणी, वाक्प्रचार गोळा केले आणि 1831 मध्ये कोश छापला. आपण तो अजून वापरतो. भाचीचं म्हणणं असं की, त्यानं यादी केली तशी आपणही करू.

मामा : त्याला राज्य करायचं होतं. तुला काय करायचंय?

भाची : नोकरी टिकवायचीय, मामा.

यावर थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग मामांनी आपला हुकमाचा पत्ता काढला. ते टीव्हीवर विमान अपघातांची मालिका बघतात. 25 जानेवारी 1990 ला कोलंबियाच्या एव्हियांका कंपनीचं 52 क्रमांकाचं विमान न्यूयॉर्कपाशी आलं. हवा खराब, खाली गर्दी; नियंत्रकांनी त्याला तासाभराहून जास्त आकाशात घिरट्या घालायला लावल्या. इंधन संपत आलं. सहवैमानिकानं कळवलं ते ‘रनिंग आउट ऑफ फ्युएल’ अशा शब्दांत. ‘इमर्जन्सी’ हा एक शब्द उच्चारला नाही. इंधन संपून विमान कोसळलं, 158 जणांतले 73 गेले.

मामा : वाक्यात काय चूक होती? काहीच नाही. फ्रेजल व्हर्ब पण एकदम बरोबर. पण नियंत्रकाच्या कानाला तो रोजचाच शब्द. इंधन तर सगळ्यांचंच संपत आलेलं असतं. सरळ शब्द टाकला असता तर रस्ता मोकळा झाला असता. म्हणून मी पोरांना सांगतो, फायर म्हणा, स्टॉप म्हणा, डेंजर म्हणा. सजवू नका.

भाची : मग मी पण तेच म्हणते. कुठल्या शब्दाला किती वजन आहे, ते कळायला तो शब्द आधी माहीत पाहिजे ना?

मामा : वजन त्या गोऱ्या नियंत्रकाला नाही कळलं आन् तुझ्या शनिवारच्या क्लासला कळणार?

इथं मी मामांच्या बाजूनं. आणि या बाजूला ते एकटेही नाहीत. विमानांच्या देखभालीच्या पुस्तिका जगभरचे मेकॅनिक वाचतात, त्यातल्या कितीतरी जणांची इंग्रजी मामांइतकीच. म्हणून युरोपातल्या विमान उद्योगानं 1986 मध्ये ‘सिम्प्लिफाइड इंग्लिश’ची नियमावली काढली. मोजके शब्द, एका शब्दाला शक्यतो एकच अर्थ, लहान वाक्यं, आणि क्रियापदांना शेपट्या जोडून नवे अर्थ काढायला मनाई. अमेरिकेच्या व्हॉइस ऑफ अमेरिकानं तर 1959 पासूनच सुमारे 1500 शब्दांत, वाक्प्रचार टाळून बातम्या द्यायला सुरुवात केली होती. म्हणजे इंग्रजी ज्यांची स्वतःची, त्यांनाही हे सुचलं.

उलटी गंमतही सांगतो, कारण ती भाचीच्या कामाची आहे. सी. के. ऑग्डेन नावाच्या इंग्रजानं 1930 मध्ये ‘बेसिक इंग्लिश’ काढली. सगळी भाषा 850 शब्दांत बसवायची आणि त्यात क्रियापदं जेमतेम 18. पण 18 क्रियापदांत जग कसं मावणार? मग ‘प्रवेश करणे’ साठी ‘गो इन’, ‘सहन करणे’ साठी ‘पुट अप विथ’. पुढच्या दारानं हाकललेली फ्रेजल व्हर्ब मागच्या दारानं परत आली. परक्यांना सोपी म्हणून केलेली भाषा परक्यांनाच अवघड गेली. इंग्रजीत ही गोष्ट टाळून टाळणार किती, हा भाचीचा प्रश्न त्यामुळं उरतोच.

तो प्रश्न कसा जीवावर बेततो, ते मात्र मामांच्याच तोंडून बाहेर आलं. एका कारखान्यात, नाव घेत नाही, सुरक्षा विभागानं रात्रीतून पॅनेलच्या दारांवर पिवळे फलक लावले. त्यावर मोठ्या अक्षरात एकच शब्द : लॉकआउट. पहिल्या पाळीची माणसं आली, फलक बघितले आणि गेटवर घोळका झाला. लॉकआउट म्हणजे टाळेबंदी, हे कामगाराला पक्कं ठाऊक. मालकानं कारखाना बंद केला! युनियनच्या माणसाला फोन गेला, बाहेरच्या टपरीवर चर्चा सुरू झाली, कुणी पगाराचं विचारू लागलं.

फलकाचा अर्थ अगदी वेगळा होता. मशीन दुरुस्तीला घेतलं की मेन स्विच बंद करायचा, त्याला कुलूप घालायचं, किल्ली दुरुस्ती करणाऱ्यानं स्वतःच्या खिशात ठेवायची आणि स्विचवर त्याच्या नावाची चिठ्ठी लावायची. म्हणजे तो आत हात घालून बसला असताना दुसऱ्या कुणी चुकून बटण दाबू नये. याला म्हणतात लॉकआउट-टॅगआउट. अमेरिकेत 1989 मध्ये याचा कायदेशीर नियम झाला, आपल्याकडं तो ऑडिटच्या यादीतून आला.

मामा : मी गेटवर उभा राहिलो. म्हणलं, कुलूप लावा, चिठ्ठी लावा, किल्ली खिशात. झालं. दोन मिनिटांत सगळे आत.

भाची : आणि हेच दोन अर्थ त्यांना आधी कुणी सांगितले असते तर घोळका झालाच नसता.

मामा : मराठीत लिहिलं असतं तरी झाला नसता.

दोघं एकमेकांकडं बघत राहिले. मला विचाराल तर ‘ले-ऑफ’ ची गोष्ट याहून नाजूक आहे. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात 1953 च्या दुरुस्तीनं ले-ऑफची व्याख्या आली. कोळसा, वीज किंवा कच्चा माल नाही, तयार माल साठून राहिला, यंत्र मोडलं, अशा कारणानं मालक कामगाराला तात्पुरतं काम देऊ शकत नाही, तो ले-ऑफ. कामगाराचं नाव हजेरीपटावर राहतं आणि अटींत बसणाऱ्याला मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी रक्कम मिळते. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेनंही हाच अर्थ ठेवला. अमेरिकेतल्या बातमीत मात्र एखादा ‘लेड ऑफ’ झाला म्हणजे बहुधा त्याची नोकरी गेली, सामान घेऊन घरी. पुण्याच्या आयटीत बसलेला मुलगा फोनवर ‘लेऑफ चालू आहे’ म्हणतो आणि जालन्यातला बाप म्हणतो, ‘मग निम्मा पगार तर मिळंल ना?’ एकाच शब्दावर दोघं दोन कायद्यांत उभे असतात.

या वादात मला नवं काही सापडलं असेल तर ते मामांच्या कारखान्यातल्या पाळीबदलाच्या रजिस्टरात. जाड पुठ्ठ्याची वही, कडांना तेलाचे डाग, मजकूर देवनागरीत. एका रात्रीची नोंद अशी : ‘क्रेन ब्रेकडाउन 40 मि. पॅनेल ट्रिप. सीसीएमला ब्रेकआउट, हीट परत. सकाळी शटडाउन घेऊन लाइनिंग चेकअप. बेअरिंगचा फॉलोअप स्टोअरला. चार्ज हँडओव्हर.’ लिहिणारा दहावी नापास. सीसीएम म्हणजे सलग ओतकामाचं यंत्र; ब्रेकआउट म्हणजे त्या ओतकामात वरची साय फाटून आतलं वितळलेलं पोलाद बाहेर फुटणं. ते बघितलेल्या माणसाला ‘आउट’ चा अर्थ मी काय शिकवणार!

म्हणजे ज्या शब्दांना मामा लबाडी म्हणतात, ते मामांच्याच माणसांच्या रोजच्या लिहिण्यात आहेत. फक्त ते नाम होऊन आलेत. ब्रेकडाउन ‘होतो’, शटडाउन ‘घेतात’, फॉलोअप ‘करतात’. क्रियापदाचं काम मराठीच करते. त्यामुळं ‘क्रेनचा ब्रेकडाउन झाला’ हे सहज लिहिणारा माणूस फोनवर ‘द क्रेन ब्रोक डाउन’ ऐकलं की गडबडतो. शब्द त्याच्या खिशात आहे आणि त्याला ते ठाऊक नाही.

भट्ट्यांचंच काय, बियाण्यांचंही तेच. बद्रीनारायण बारवाल्यांनी 1964 मध्ये जालन्यात महिको ही बियाण्यांची कंपनी काढली, 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. या भागात सीड प्लॉट घेणारा शेतकरी ‘जीओटी’ त माल नापास झाला की डोक्याला हात लावतो. जीओटी म्हणजे ग्रो आउट टेस्ट : नमुन्याचं बी शेतात वाढवून शुद्धता तपासायची. मागच्या हंगामातला उरलेला माल ‘कॅरी ओव्हर’. ग्रो आउट, कॅरी ओव्हर. शाळेच्या पुस्तकात हे पाठ नव्हते.

मी रजिस्टरची ती पानं भाचीपुढं ठेवली. तिचा चेहरा बदलला.

भाची : मग माझं पुस्तक कशाला हवं?

मामा : तेच तर सांगू राहिलो मघापासून.

भाची : नाही, तुम्ही शिकवूच नका म्हणत होता. मी म्हणते, इथून सुरुवात करायची. ब्रेकडाउन माहीत आहे ना? मग ब्रेक डाउन, ब्रोक डाउन. हँडओव्हर माहीत आहे? मग हँड ओव्हर द चार्ज. शटडाउन, शट डाउन द लाइन. त्यातून डाउन म्हणजे बंद पडणं, ओव्हर म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडं, हे पोरांना आपोआप दिसेल.

तिनं वाचलेलंही थोडं आहे. 2007 मध्ये गार्डनर आणि डेव्हिस या दोन अभ्यासकांनी ब्रिटिश इंग्रजीचा दहा कोटी शब्दांचा साठा चाळला. त्यांना आढळलं की वापरातल्या एकूण फ्रेजल व्हर्बपैकी निम्म्याहून जास्त भाग फक्त 20 क्रियापदं आणि 8 शेपट्या यांच्या जुळणीतून येतो. 2015 मध्ये गार्निअर आणि श्मिट यांनी 150 ची यादी केली आणि प्रत्येकाचे खरोखर चालणारे तेवढेच अर्थ दिले. पाचशेच्या पुस्तकाची धास्ती घ्यायचं कारण नाही. मामांना आकडे पटतात. 20 आणि 8 हे त्यांनी बोटांवर मोजून बघितलं.

मामा : हे चालंल. पण ते ‘माय बॅड’, ‘नो वरीज’, ‘व्हॉट्स अप ब्रो’ काढून टाक.

भाची : समोरचा म्हणाला तर समजायला नको?

मामा : समजू दे. बोलायचं नाही. पन्नाशीतला ऑपरेटर ‘ब्रो’ म्हणताना कसा दिसंल?

बोलीतल्या शब्दांबद्दल मी भाचीला मामांहून जास्त विरोध करतो. ते दूध नासावं तसे नासतात. दहा वर्षांपूर्वीचा झोकदार शब्द आज वापरला की माणूस हास्यास्पद होतो. पण धंद्याची स्वतःची बोली वेगळी. ती टिकते आणि ती यायलाच हवी. भंगाराच्या बाजारात अमेरिकी व्यापारी संघटनेनं ठरवलेली सांकेतिक नावं चालतात : स्वच्छ तांब्याची तार म्हणजे ‘बार्ली’, पिवळं पितळ म्हणजे ‘हनी’, ॲल्युमिनियमचं ओतीव भंगार ‘टेन्स’, तुकडे केलेला बिगरलोखंडी मिश्र माल ‘झोर्बा’. लंडनच्या शिक्षकाला यातलं काही कळणार नाही. जालन्याला लागतं ते एचएमएस, हेवी मेल्टिंग स्टील. ते भट्टीवरच्या हेल्परलाही समजतं. इथं परका कोण, हे सांगणं कठीण आहे.

शेवटी ठरलं ते पूर्णपणे कुणाच्याच मनासारखं नाही. वर्ग होणार. पाचशेचं पुस्तक कपाटात. पहिले दोन महिने फक्त रजिस्टरातले शब्द, मामा सांगणार आणि भाची उलगडणार. फोनवरचे हेल्ड अप, सॉर्ट आउट, गेट बॅक, फॉल थ्रू हे ऑफिसच्या पोरांना वेगळे. पण ते ओळखण्यापुरते. आपण लिहिताना ‘डिलेड’ च लिहायचं, ही मामांची अट भाचीनं नाइलाजानं मानली. ‘समजलं नाही, पुन्हा सांगा’ हे इंग्रजीत न लाजता म्हणायचा सराव पहिल्याच शनिवारी, ही अट माझी. धोक्याच्या सूचना मराठी आणि हिंदीत, इंग्रजी शब्द खाली बारीक अक्षरात, यावर मात्र कुणाचंच दुमत नव्हतं. पोरांनी मुलाखतीत दोन वाक्प्रचार पेरावेत की नाही, यावर दोघं अजून भांडतात. मी भाचीच्या बाजूनं आहे, पण मामांसमोर बोललो नाही.

यादीसाठी वाचकांची मदत हवी आहे. तुमच्या खात्यात, मग ते रोलिंग असो, ओतकाम, बियाणं, गोदाम किंवा ट्रान्सपोर्ट, असे शेपटीवाले इंग्रजी शब्द रोज बोलले जात असतील. ते तुमच्याकडं ज्या अर्थानं चालतात त्या अर्थासकट लिहून कळवा. कोशातला अर्थ नको, तो आमच्याकडं आहे.